मदत हवी आहे: १८५१ मध्ये पॅरिसपेक्षा खेडी जास्त का पेटली?

२ डिसेंबर १८५१ ला फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन याने संसद बरखास्त करून सत्ता आपल्या हातात घेतली. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये बोदँ हा लोकप्रतिनिधी बॅरिकेडवर गोळी लागून मेला, तरी कामगार मोठ्या संख्येने उतरले नाहीत. ते समजू शकतं. जून १८४८ मध्ये कामगारांनी उठाव केला तेव्हा याच प्रजासत्ताकाने त्यांच्यावर तोफा डागल्या होत्या, आणि १८५० च्या कायद्याने सुमारे ३० लाख लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला होता.

माझं अडतंय ते पुढे. दक्षिण फ्रान्समध्ये व्हार, बास-आल्प या भागांत शेतकरी आणि गावातले कारागीर लुई-नेपोलियनविरुद्ध हत्यारं घेऊन निघाले, ते कशाच्या बळावर? प्रजासत्ताकवाद्यांची गुप्त मंडळं, जंगलावरचे हक्क, की डोक्यावरचं कर्ज? कुणी यावर नीट वाचलंय का? सुरुवात कुठून करू? फ्रेंच येत नाही. मराठी, इंग्रजी चालेल.