भाडेकरूने अडचण न लपवता सांगावी, यासाठी तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

घर भाड्याने देताना करारनामा काळजीपूर्वक लिहिला जातो. परंतु नळ गळू लागला, भाड्याला उशीर होणार असला किंवा घर पाहण्यासाठी यायचे असले, तर एकमेकांना कसे कळवायचे, हे बहुधा ठरवले जात नाही. भाडेकरूला वाईट बातमी सांगताना घरमालकाची भीती वाटते की नाही, यावरून ते नाते कसे आहे हे कळते, असे मला वाटते. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

एक घरमालक : किल्ली देण्यापूर्वी मी भाडेकरूसोबत प्रत्येक खोलीतून फिरतो. भिंतींवरचे डाग, फरशीचे तडे, खिडक्यांच्या कड्या, वीज आणि पाण्याच्या मीटरवरील आकडे यांची यादी आम्ही मिळून करतो, छायाचित्रे काढतो आणि दोन्ही प्रतींवर सह्या करतो. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान यांतील फरकही तेव्हाच बोलून घेतो. उन्हाने रंग फिका पडणे किंवा दाराची मूठ सैल होणे ही झीज, तिचा खर्च माझा. फुटलेल्या काचेचा खर्च भाडेकरूचा. अनामत रकमेतून कपात करावीच लागली, तर प्रत्येक कामाचा खर्च वेगळा लिहून बिलांसह देतो.

एक भाडेकरू : नव्या घरात राहायला आल्यावर आम्ही कपाट हलवले, तेव्हा त्यामागची भिंत ओलीने काळवंडलेली दिसली. अनामत रक्कम कापली जाईल या भीतीने आधीच्या भाडेकरूंनी ते कपाट तेथे सरकवले होते, असे शेजाऱ्यांकडून कळले. घरमालकीणबाईंना फोन केला, तेव्हा दोष कोणाचा हे त्यांनी विचारलेच नाही. ओल कोणत्या बाजूने पसरते आहे, नळ बंद असतानाही वाढते का, एवढे विचारून त्यांनी छायाचित्रे मागवली आणि प्लंबर कोणत्या दिवशी येईल ते संध्याकाळपर्यंत कळवले. भिंतीतील नळाचा सांधा झिरपत होता. त्या एका फोननंतर आम्ही बारीकसारीक बिघाडही लगेच सांगू लागलो, आणि माझ्या मते त्यांच्या घराचे सर्वांत मोठे रक्षण त्यातूनच झाले.

दूरच्या शहरात राहणारी घरमालकीण : दुरुस्ती लगेच होणे माझ्या हाती नसते, उत्तर लगेच देणे मात्र असते. कारागीर ठरल्या दिवशी आला नाही, तर तेही मीच आधी कळवते, कारण काही न कळता वाट पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे दुर्लक्ष होत आहे असेच वाटते. फोनवर जे ठरते ते दोन ओळींच्या संदेशात लिहून पाठवते. त्यात अविश्वास नसतो, दोघांच्या आठवणीत फरक पडू नये एवढाच हेतू असतो.

आणखी एक भाडेकरू : घर भाड्याने दिले की तेथे राहणाऱ्याचा खासगीपणा जपणे हे घरमालकाचे कर्तव्य ठरते. आणीबाणीचा प्रसंग वगळता घरात येण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी, असे अनेक देशांचे कायदेही सांगतात आणि बऱ्याच ठिकाणी ती किमान २४ तासांची असते. आमचे घरमालक येण्याचे कारण सांगून सोयीची वेळ विचारतात. आमच्याकडे कोण येते-जाते, याची चौकशी ते कधीही करत नाहीत.

निवृत्त घरमालक : माझ्या भाडेकरूची नोकरी गेली, तेव्हा भाड्याची तारीख उलटण्यापूर्वीच त्याने मला सांगितले. आम्ही समोरासमोर बसून थकणाऱ्या रकमेचे हप्ते आणि त्यांच्या तारखा लिहून काढल्या. भाडे वाढवायचे असते, तेव्हा मीही करार संपण्याच्या पुष्कळ आधी वाढलेला कर आणि देखभाल खर्च यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवतो, म्हणजे ते परवडणार नसेल, तर दुसरे घर शोधण्यास त्याला पुरेसा वेळ मिळतो.