तापी नावाच्या बायका: तुमच्या घरात कोण होती?

पांझराकाठची

दिवाळीच्या आधी माळा आवरताना पितळी घागर खाली काढली. चिंच लावून घासली तर गळ्याखाली टिंबाटिंबांची अक्षरं दिसायला लागली. 'तापी'. नुसतं तेवढंच. बाई नाही, आडनाव नाही. कुणीतरी खिळा आणि हातोडी घेऊन ठोकलेलं, 'पी'ची वेलांटी तर भलतीकडेच गेलेली. त्याच माळ्यावर एक पातेलं होतं, त्यावर मशिनीनं कोरलेलं सुबक 'सौ. सुमनबाई'. दोन्ही भांडी आजीचीच. घागर माहेरची, पातेलं सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की झालं. आजी जाऊन सहा वर्षं झाली आणि ती मुळात तापी होती हे मला एका घागरीनं सांगितलं.

त्यात गंमत बघा. माझ्या वर्गात तीन सरिता होत्या. तापी एकही नाही. नदी हा शब्द आम्हाला चालला, आमची नदी नाही चालली.

तुमच्या घरात, गल्लीत, शेजारी कुणी तापी होती का? आहे का? तिचं नाव कसं पडलं, कसं बदललं, जे आठवेल ते लिहा. छोटं असलं तरी चालेल.

निवृत्त गुरुजी, यावल तालुका

अर्थापासून सुरुवात करतो, जित्याची खोड. 'तप्' म्हणजे तापणे. तापी ही सूर्याची लेक, म्हणून यमाची आणि शनीची बहीण. महाभारताच्या आदिपर्वात तिचं नाव तपती आहे. हस्तिनापूरच्या संवरण राजाशी तिचं लग्न झालं आणि त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव आणि पांडव दोघांच्याही वंशात वर कुठेतरी आपली तापीमाय बसलेली आहे. नदी उगम पावते बैतुल जिल्ह्यात मुलताईला. मुलताई म्हणजे मूळतापी. तिथून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर, आणि तीही नर्मदेसारखी पश्चिमेला वाहणारी.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये असं म्हटलंय. आपल्या लोकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, तापी, सगळ्यांची लग्नं वाजत-गाजत झाली.

मी शाळेत लागलो तेव्हा पालकांच्या खान्यात आईचं नाव लिहीत नसत, पण आज्या पोरांना सोडायला यायच्या आणि त्यांत तापीबाई, तापाबाई हमखास असायची. मुलगी म्हणून मी दाखल केलेली शेवटची तापी १९८१ सालची. चौथीनंतर ती केळीच्या मळ्यात दिसायची. त्यानंतर रजिस्टरात वैशाली, सुवर्णा, मग अश्विनी, मग ज्यांचा अर्थ मलाच बापाला विचारावा लागे अशी नावं.

अमळनेरची लेक

माझ्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव तापी. त्यामुळे माझ्या आईनं तिच्या हयातीत 'तापी' हा शब्द उच्चारला नाही. सासूचं नाव कसं घेणार? नदीला ती 'मोठी नदी' म्हणायची. शिवरात्रीला कपिलेश्वराला जायचो, तिथे पांझरा तापीला मिळते. आई आम्हाला संगम दाखवायची तो असा: "ही पांझरा, आणि ती बघ मोठी." आम्हाला वाटायचं दोन बहिणी आहेत आणि थोरलीला नावच नाही.

पण खरी अडचण पुढे. 'ताप' पण म्हणायचा नाही, कारण तो नावाच्या फार जवळ जातो. आम्ही आजारी पडलो की "अंग कढत लागतंय". दूध तापवायचं नाही, ऊन करायचं. तवा 'धरला' की भाकरी टाकायची. एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, ताप आहे का? आई म्हणाली, आहे. किती दिवसांपासून आहे? तीन. काय आहे? आई गप्प. शेवटी मी, सात वर्षांची, बोलले, "ताप आहे हो." आईनं घरी येताना मला एक धपाटा घातला आणि लगेच गोळ्यासुद्धा घेऊन दिल्या.

आजी गेली त्याला आता पंधरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात आईला सर्दी झाली होती. फोनवर म्हणाली, "थोडी कणकण आहे." मी म्हटलं, आई, आता म्हण की ताप. हसली. नाही म्हणाली.

भुसावळकर

आमच्याकडे तापी नावाची म्हैस होती. क्षमस्व.

पांझराकाठची

भुसावळकर, चालेल. दूध किती द्यायची ते पण लिहा.

भुसावळकर

एका वेळेला सहा लिटर, आणि पावसाळ्यात तिला नदीवरून परत आणताना आमचा बाप "तापी, कथी गयी व?" असं काठावर उभं राहून ओरडायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं नदीच हरवली.

मीच ती तापी

मी २४ वर्षांची आहे आणि माझं नाव तापी आहे. हौसेनं ठेवलेलं. आषाढ शुद्ध सप्तमीला जन्मले, तो तापीचा जन्मदिवस मानतात, आणि फुई, म्हणजे आत्या, हट्टाला पेटली की दुसरं नाव कानात सांगणारच नाही. पाळण्याच्या दोरीला तिचा हात, त्यामुळे कुणाचं चाललं नाही.

शाळेत "ताप आला, ताप आला" हे रोजचं. कॉलेजमध्ये सरांनी एकदा सामान्यज्ञानाच्या तासाला फळ्यावर टापी लिहिलं: तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, इंडिया अशी गॅसची पाइपलाइन. चारही देशांची आद्याक्षरं. त्या दिवसापासून मी 'पाइपलाइन'. आजही काही मित्रांच्या फोनमध्ये माझा नंबर पाइपलाइन नावानं आहे.

पुण्यात नोकरीला लागले तर पहिल्याच दिवशी विचारलं, "तापसी का?" नाही हो, तापी. "म्हणजे तापसीचं शॉर्ट?" ऑफिसात एक बंगाली ताई आहेत, त्यांनाच फक्त कळलं. त्यांच्याकडे तपती हे नाव चांगलं प्रचलित आहे, त्यांच्या मावशीचंच आहे. म्हणजे आमच्या नदीचं नाव आमच्याकडे जुनाट आणि हजार कोसांवर भारदस्त! घरी फोन करून फुईला सांगितलं. ती म्हणाली, "नदीनं नाव ठेवाले कसानी लाज?"

लाज नाही गं फुई. कंटाळा येतो फक्त, प्रत्येक ठिकाणी समजावून सांगायचा.

सुरतवासी खान्देशी

नंदुरबारकडचे, १९८८ पासून सुरतेत. आधी लूमवर, आता स्वतःचं छोटं दुकान. इथे तापी नाव अजिबात परकं नाही. आमच्या चाळीत एक तापीबेन होत्या, पक्क्या सुरती. माझी आई पण तापी. दोघी पहिल्यांदा भेटल्या तेव्हा एकीला मराठी येत नाही, दुसरीला गुजराती, पण नावावर मैत्री जमली. जयंतीला इथे नदीला लांबलचक चुंदडी वाहतात, दोघी बरोबर जायच्या. २००७ मध्ये तर सुरत जिल्हा तोडून तापी नावाचा जिल्हाच झाला. आई म्हणाली, बघ, माझ्या नावाला कलेक्टर मिळाला.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट मात्र वेगळी. ऑगस्ट २००६. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि अडाजणला आमच्या घरात छातीइतकं पाणी. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. लाइट नाही, प्यायला पाणी नाही, खाली सगळं पाणीच पाणी. शेजारी चेष्टेनं म्हणाले, "माजी, तुमी घरात शिरली." सगळे हसले. आई हसली नाही. तिनं कुंकवाची डबी मागितली, जिन्यात चार पायऱ्या उतरली आणि पाण्याला कुंकू लावून आली. मग तिथेच पायरीवर बसून राहिली, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघत. मध्येच म्हणाली, "आता पुरे कर बाई." स्वतःला म्हणाली का नदीला, ते मी विचारलं नाही.

चोपडेकर वकीलसाहेब (वकील नाही, नुसतं टोपणनाव)

भावनेचं झालं, आता व्यवहाराचं. आजीच्या नावानं पावणेदोन एकर. सातबाऱ्यावर 'तापाबाई', मतदार यादीत 'तापीबाई', आधारवर 'ताप्तीबाई', आणि मृत्यू दाखल्यावर सासरचं नाव. एकच बाई, चार जणी झाल्या. वारस नोंदीसाठी एका कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, या चौघींपैकी मेली कोण ते आधी सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, पंचनामा, दोन म्हाताऱ्या साक्षीदार. अकरा महिने गेले.

'ताप्ती' हा घोळ इंग्रजांच्या स्पेलिंगचा. रेल्वेनं तो पक्का केला. सुरतेच्या लाइनला आमचे आजोबा ताप्ती लाइनच म्हणायचे, अजूनही ताप्ती गंगा एक्सप्रेस आहे. आधार काढणाऱ्या पोरानं बहुतेक गाडीवरून नाव उचललं.

ज्यांच्या घरी अजून कुणी तापीबाई हयात आहे त्यांनी आजच सगळे कागद एका नावावर करून घ्या. धाग्याचा विषय सोडून लिहितोय, पण उपयोगाचं लिहितोय.

निवृत्त गुरुजी, यावल तालुका

वकीलसाहेब, 'तापाबाई' हा घोळ नाही. बोलण्यात तोच उच्चार होता. चूक लिहिणाऱ्याची नव्हती, बाकीच्या तिघांची म्हणा हवं तर.

शहाद्याची आई

मी मुलीचं नाव तापी ठेवलं, २०२१ मध्ये. माझं माहेर प्रकाशाचं, नदी अंगणातून दिसते, म्हणून. सासरी सगळ्यांना ऑनलाइन यादीतलं, 'इ'वरून किंवा 'ऋ'वरून हवं होतं. नणंद म्हणाली, निदान 'तपती' तरी कर, मॉडर्न वाटेल. तेही सुंदर आहे, पण मला काठावरचं हवं होतं, पोथीतलं नको. नवरा मध्ये पडला नाही. दाखल्यावर आधी 'तापसी' लिहून आलं, ते दुरुस्त करायला दोन खेपा.

सासऱ्यांनी सुरुवातीला नाक मुरडलं, आता तेच तिला सगळीकडे मिरवतात. मे महिन्यात चोपड्याला लग्नाला गेलो होतो. अमळनेरकडून जाताना पुलावर गाडी हळू करायला लावली, खिडकीतून रुपया टाकला आणि तिला म्हणाले, "बघ, तुझ्या नावाची नदी."

तिनं मान काढून बराच वेळ खाली बघितलं. वाळू, बाभळी, मधे एक ट्रॅक्टर.

"आबा," म्हणाली, "पाणी कुठेय?"