वस्तू सदोष निघाली, तर कंपनीला कळवता का?

नागपूरकरांनो, दुकानदाराने वस्तू बदलून दिली की आपण मोकळे होतो. पण त्याच लॉटमधला माल आणखी कोणाच्या तरी घरी जातोच. तुम्ही कंपनीला कळवलंत का? पुढे काय झालं? सुरुवात मी करते.

मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या नव्या पंपामुळे पाण्यात झिणझिण्या यायला लागल्या. इतवारीतल्या दुकानदाराने लगेच दुसरा पंप दिला आणि जुना कोपऱ्यात टाकला. मला चैन पडेना. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर, त्यात लेकरं पाण्यात हात घालतात. जुना पंप परत मागून घेतला. खोक्यावरच्या ईमेलवर मॉडेल, बॅच नंबर आणि वायरच्या जोडाचा फोटो पाठवला. कंपनीने स्वखर्चाने पंप मागवला. जोडावरचं सील नीट बसलं नव्हतं. त्या बॅचचे पंप दुकानातूनही उचलले.

हिंगणा एमआयडीसी: ताई, बॅच नंबर दिलात हे फार चांगलं केलं. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघतो. नुसतं ‘माल बेकार आहे’ असं आलं तर आम्ही शोधणार कुठे? बॅच कळली की पाळी, मशीन, कच्चा माल, सगळं सापडतं.

मनीषनगर: बेसनात जाळी निघाली. कंपनीचा माणूस दुकानात आला, तर पोती ओल्या भिंतीला टेकवलेली. दोष साठवणीचा होता. दुकानदाराने आता लाकडी फळ्या टाकल्यात.

बर्डी: माझ्या ईमेलला उत्तरच नाही आलं, भाऊ. तरी पुढच्या वेळीही लिहीनच.

धरमपेठ: फ्रिज दुरुस्त न करताच ‘तक्रार बंद’ असा मेसेज आला. मी बिल आणि तो मेसेज जपून ठेवला, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग कंपनीतून फोन आला आणि कॉम्प्रेसर बदलून मिळाला. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते.

महाल: पाकिटावर कंपनीचा पत्ता नसेल तर?

हिंगणा एमआयडीसी: काकू, पॅकबंद मालावर तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापणं 2011च्या नियमांनी बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. नसेलच, तर तीच तक्रार वैधमापन कार्यालयात, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात द्या.