शब्दचर्चा : ‘ॲपर्चर वाढव’ म्हणजे नेमकं काय करू?

मूळ प्रश्न

बहिणीच्या घरी हळद होती. फोटोंचं काम माझ्याकडे, पण मुलीला हळद लावायलाही मीच हवी होते, म्हणून कॅमेरा अकरावीतल्या भाच्याच्या गळ्यात अडकवला. ५० ची लेन्स, सगळं मॅन्युअलवर, ॲपर्चर ४, शटर १२५, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ८००. मांडवातला उजेड उतरायला लागला तशी मी हळदीने माखलेले हात वर करून लांबूनच ओरडले, “ॲपर्चर वाढव रे!”

त्याने वाढवलं. ४ चं १६ केलं. पुढच्या चाळीसेक फोटोंत समईच्या ज्योती आहेत आणि बाकी सगळा काळोख. बोलायला गेले तर म्हणाला, “मावशी, तूच म्हणालीस वाढव. मी आकडा वाढवला.”

त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. माझ्या मनात लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक मोठं करायचं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर आकडा होता. शटरचंही तेच. पडद्यावर १२५ दिसतं, ते असतं सेकंदाचा १२५ वा भाग. ‘शटर वाढव’ म्हटलं की एक जण २५० करतो, दुसरा ६०. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तर या ॲपर्चरला आणि शटरला असा एखादा मराठी शब्द आहे का, की ऐकणाऱ्याचा हात योग्य बाजूलाच फिरेल?

प्रतिसाद

शब्द आहेत हो, वापरत नाही आपण. ॲपर्चर म्हणजे रंध्र, शटर म्हणजे झडप, एक्स्पोजर म्हणजे उद्भासन, डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढे-मागे कुठपर्यंतचं स्पष्ट दिसतं ते) म्हणजे क्षेत्रखोली, व्हाइट बॅलन्स म्हणजे श्वेतसंतुलन. रुळवले की रुळतात.

मूळ प्रश्नकर्ती

आभार, पण त्या संध्याकाळी मी ‘रंध्र वाढव’ म्हणाले असते तरी त्याने १६ च केलं असतं. शिवाय रंध्र म्हटलं की मला त्वचा आठवते, घाम आठवतो. कमीजास्त करता येणारी वस्तू वाटतच नाही ती. आणि ‘उद्भासन’ हा शब्द मांडवात ओरडून बघा एकदा.

मराठीत मेनू असलेला एक फोन घरात आला होता. त्यात कुणी (की कशाने) भाषांतर केलं होतं देव जाणे, पण फोटोच्या सेटिंगमध्ये ‘शेताची खोली’ असं लिहिलेलं होतं. मी दोन मिनिटं विचार करत होते की हे पीकपाण्याचं काही आहे का. मग उलगडलं, फील्डचं शेत झालंय.

प्रतिसाद (गणित शिकवतो, म्हणून राहवलं नाही)

आकडा उलटा का चालतो हे कळलं तर निम्मा घोळ संपेल. ‘एफ ४’ हे खरं तर पूर्ण लिहायचं तर ‘एफ भागिले ४’ असं आहे. एफ म्हणजे नाभीय अंतर, दहावीच्या पुस्तकात भिंगांच्या धड्यात आपण शिकतो तेच. तुमची लेन्स ५० मिमीची. ५० भागिले ४, म्हणजे साडेबारा मिमी व्यासाचं भोक. ५० भागिले १६ केलं की उरतात जेमतेम तीन मिमी. म्हणजे तो आकडा भोकाचं माप नाहीच, तो भागाकारातला छेद आहे. लेन्सच्या तोंडाशी बघा, बऱ्याच लेन्सवर १ : १.८ असं गुणोत्तरच कोरलेलं असतं.

आता गंमत बघा. अंश-छेदातला छेद आणि भोक या अर्थाचं छिद्र, दोन्ही शब्द संस्कृतमधल्या ‘छिद्’ या एकाच धातूपासून आले. छिद् म्हणजे कापणे. त्यामुळे ॲपर्चरला छिद्र म्हणायला माझी ना नाही, कारण मुलांना एका ओळीत सांगता येतं : छेद वाढला की छिद्र घटतं. वर्गात मी हे सांगून बघितलंय, विसरत नाहीत.

आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे वेडेवाकडे का, हाही प्रश्न येतोच. प्रत्येक पायरीला भोकाचं क्षेत्रफळ निम्मं व्हायला हवं. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यासाला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागावं लागतं. त्या भागाकारातून हे आकडे पडतात. भाच्याने ४ वरून १६ केलं म्हणजे चार पायऱ्या. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. सोळापट उजेड कमी झाला. समई दिसली हेच नशीब.

प्रतिसाद (इचलकरंजीत स्टुडिओ आहे, रोलच्या काळापासून)

ताई, राग मानू नका, पण भाचा हुशार आहे आणि चूक तुमची आहे. पोराला कामाला ठेवलं की पहिल्या दिवशी मी एक सांगतो : वाढव आणि कमी कर हे दोन शब्द या दुकानात बंद.

ॲपर्चरला आम्ही ‘उघड’ आणि ‘बारीक कर’ म्हणतो. कंदिलाची वात बारीक करतो, नळ बारीक सोडतो, त्यातलंच बारीक. “जरा उघड” म्हटलं की आकड्याकडे न बघता पोरगं चाक त्या बाजूला फिरवतं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे भोक येतं. शटरला ‘जलद’ आणि ‘सावकाश’. दुकानाचं शटर आठवा. झपकन पाडलं तर आत येणारा उजेड तेवढ्यात तुटतो, सावकाश पाडलं तर बराच वेळ येत राहतो. खेळणारी पोरं टिपायची तर जलद, देवळातली आरती शांतपणे घ्यायची तर तिपाई लावून सावकाश. आयएसओला तेवढं वाढव-कमी कर चालतं, तिथे घोटाळाच नाही. आकडा वाढला की फोटो उजळ. आम्ही जुनी माणसं अजून ‘१०० ची’, ‘४०० ची’ म्हणतो, रोल स्त्रीलिंगी असल्यासारखी. रोल कधीच गेली, तिचं लिंग तेवढं राहिलं.

म्हणजे नाव ॲपर्चर ठेवा, छिद्र ठेवा, मला फरक पडत नाही. क्रियापद मराठी पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती

काका, राग कसला! मी नाम शोधत बसले आणि अडलं होतं क्रियापदाशी. पडताळून बघितलं, आपल्याकडे फोटोची क्रियापदं सगळी आपलीच आहेत : फोटो काढतो, रोल धुवायला टाकायचो, फ्लॅश मारतो, फोटो हलतो, पांढरा पडतो. मुंबईत खेचतातही, ते हिंदीकडून आलं. यातलं एकही पुस्तकात शिकवलेलं नाही.

एक शंका. शटरच्या चाकावर शेवटी ‘बी’ असतो, ‘बल्ब’. मी इतकी वर्षं समजत होते की दिव्याच्या बल्बचा काहीतरी संबंध आहे.

प्रतिसाद (इचलकरंजी)

दिव्याचा नाही, रबराचा. जुन्या कॅमेऱ्याला नळी असायची आणि तिच्या टोकाला रबरी फुगा, जुन्या टॅक्सीच्या भोंग्याला असायचा तसा. फुगा दाबला की हवेच्या दाबाने शटर उघडायचं, दाबून धरलं तोवर उघडं, सोडला की बंद. त्या फुग्याला इंग्रजीत बल्ब म्हणतात. फुगा गेला, बी राहिला. आतषबाजीचे फोटो आजही त्याच्यावरच काढतो.

प्रतिसाद

ॲपर्चरच्या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात, त्या शब्दाचंही तसंच. हा थांबण्याचा स्टॉप नव्हे, अडवण्याचा. इंग्लंडमध्ये जॉन वॉटरहाउसने १८५८ साली पितळेच्या पट्ट्यांना वेगवेगळ्या मापाची भोकं पाडली आणि लेन्सच्या नळीला खाच करून त्यात हवी ती पट्टी सरकवायची सोय केली. पट्टी उजेड अडवते म्हणून ती स्टॉप. आता पट्ट्यांच्या जागी पाकळ्या आल्या, पण ‘दोन स्टॉप उघड’ म्हणताना आपण त्या पितळी पट्ट्यांचीच भाषा बोलतो.

प्रतिसाद

मला वेगळाच घोळ सोडवून हवाय. ब्लरला मराठीत काय म्हणायचं? धूसर, अंधुक, पुसट, अस्पष्ट, सगळे एकाच पोत्यात भरलेले दिसतात.

मूळ प्रश्नकर्ती

पोतं एक असलं तरी माल वेगळा आहे. माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा.

अंधुक उजेडावर अवलंबून. ‘अंध’ त्याच्यात बसलेलाच आहे. कमी उजेडात न ओळखू येणारा चेहरा अंधुक. तो फोकसमध्ये अगदी धारदार असेल, तरी अंधुकच. त्याला ॲपर्चर उघडणं हा उपाय.

पुसट म्हणजे आधी होतं आणि मग पुसलं गेलं. जुना, उडत चाललेला फोटो पुसट. नुकत्याच काढलेल्या फोटोला पुसट म्हणवत नाही.

हललेला फोटो म्हणजे शटर सावकाश होतं आणि हात किंवा माणूस हलला. इथे आपली बोली इंग्रजीपेक्षा चोख आहे. तिकडे सगळ्याला ब्लर. आपण ‘फोटो हलला’ आणि ‘फोकस गेला’ असं वेगळं सांगतो, आणि ऐकणाऱ्याला दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं. हलला तर शटर जलद कर, फोकस गेला तर परत धर.

धूसर उरतो तो मागच्या झाडापानांसाठी, दिव्यांसाठी. मूळ अर्थ धुळीच्या रंगाचा. गोरज मुहूर्ताला गावाच्या वेशीवर दिसतं तसं, कडा विरलेल्या पण रंग शाबूत. मुद्दाम केलेल्या पार्श्वभूमीला हाच शोभतो. आजकालची मुलं त्याला ‘बोके’ म्हणतात आणि घरातल्या आज्या मांजराकडे बघतात. तो जपानी शब्द आहे, अर्थ ‘धूसरपणा’. १९९७ साली ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी मासिकाने तो इंग्रजीत आणला, आणि संपादक माइक जॉन्स्टन यांनी शेवटी एच जोडला, वाचणाऱ्याने नीट उच्चारावा म्हणून. आपल्याकडे त्या एचचा काही उपयोग झाला नाही, बोका तो बोकाच.

प्रतिसाद

आणि आयएसओ फार वाढवल्यावर येतात ते ठिपके? ‘नॉइज’ला गोंगाट म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

प्रतिसाद (इचलकरंजी)

रोलवर यायचे ते दाणे. चांदीच्या क्षारांचे खरोखरचे कण असायचे. तसा फोटो आम्ही ‘रवाळ’ म्हणायचो. तूप रवाळ झालं तर कौतुक, फोटो रवाळ झाला तर गिऱ्हाइकाची कटकट. डिजिटलमध्ये दाणे नाहीत. उजेड कमी पडला म्हणून आहे तो सिग्नल मोठा करतात, त्याच्याबरोबर कचराही मोठा होतो. लांबच्या स्टेशनवर रेडिओचा आवाज वाढवला की जे होतं ते. आम्ही त्याला ‘खरखर’ म्हणतो. “८०० च्या वर नेऊ नको, खरखर येते.” नवीन कॅमेऱ्यांत ३२०० ला पण येत नाही म्हणा, पण सवय.

प्रतिसाद (वकील आहे, विषय थोडा बाजूला नेतो)

‘खोली’ वरून आठवलं. कॅमेरा या शब्दाचा लॅटिन अर्थच मुळी खोली. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली. भिंतीला बारीक भोक, समोरच्या भिंतीवर बाहेरचं उलटं चित्र. पुढे खोली लहान होत होत हातात मावली आणि ‘अंधारी’ हे विशेषण गळून पडलं.

कोर्टात मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे बंद खोलीतली, लोकांना मज्जाव असलेली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये बलात्काराच्या खटल्यांसाठी तीच तरतूद होती. पण आपल्या वर्तमानपत्रांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ वाचा. तिथे अर्थ असतो, चित्रीकरण करत केलेलं शवविच्छेदन. म्हणजे एका पानावर इन कॅमेरा म्हणजे कुणाला दिसू नये असं, आणि दुसऱ्या पानावर सगळ्यांना नंतर बघता यावं असं! माझा एक अशील सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आणि केसांना तेल लावून आला होता, शूटिंग आहे म्हणून.

आणि मराठीत खोली म्हणजे रूमही आणि डेप्थही. तेव्हा कॅमेरा ही खोली, आणि त्यातल्या फोटोत काय काय स्पष्ट दिसतं तीही खोली. त्या फोनवाल्याला निदान एका शब्दाचे मार्क द्या.

मूळ प्रश्नकर्ती

दिले! खोलीचे पूर्ण, शेताचा शून्य. बोलताना मी डेप्थ ऑफ फील्ड असं म्हणतच नाही. “मागची रांगही स्पष्ट हवी, बारीक कर” एवढंच म्हणते, काम होतं.

व्हाइट बॅलन्स राहिलं, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात रंग जुळवणं. मी ‘पांढऱ्याचा तोल’ म्हणते. यातही एक उलटी गाठ आहे. आपण तांबूस उजेडाला उबदार म्हणतो, पण उजेडाचा रंग तापमानात मोजणाऱ्या केल्विनच्या मोजपट्टीवर तो थंड बाजूला, ३२०० च्या आसपास. भर दुपार ५५०० आणि सावली त्याहून वर. लोहाराच्या भट्टीत बघा, लोखंड आधी लाल होतं आणि जास्त तापल्यावर पांढरं. हळदीला तर ऑटोवर ठेवूच नये. चौकटीत पिवळंच पिवळं बघून कॅमेरा ते ‘दुरुस्त’ करायला निळ्याकडे झुकतो आणि नवरी आजारी दिसते.

आता शेवटची अडचण. काका, ‘दोन स्टॉप उघड’ मधल्या स्टॉपला तुमच्याकडे काय म्हणतात? भाच्याला स्टॉप म्हटलं की तो थांबतो.

प्रतिसाद (इचलकरंजी)

घर. “दोन घरं उघड”, “एक घर बारीक कर”. बुद्धिबळात घोडा घरं चालतो तसं. आताच्या कॅमेऱ्यांत एका घराचे तीन भाग केलेले असतात, चाक फिरवलं की बोटाला खटका लागतो. तीन खटके, एक घर. ते चाक कॅमेऱ्याच्या पाठीवर आहे ना, मग भाच्याला सांगा, डोळे मिटून मोजायचे.

मूळ प्रश्नकर्ती

आत्ताच त्याच्या हातात कॅमेरा देऊन म्हटलं, “चार घरं उघड.” बारा खटके मोजले मी. १६ वरून ४ वर आला.