श्नाउफरने अंधारात १२१ विमानं पाडली कशी?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक हाइन्झ-वोल्फगांग श्नाउफरच्या नावावर रात्री पाडलेली १२१ विमानं आहेत. काळोखात शत्रू दिसायचा तरी कसा?

प्रतिसाद: एकट्याचं काम नव्हतंच ते! जमिनीवरचं रडार अंदाजे जागा सांगायचं. त्यानंतर त्याच्या मेसरश्मिट ११० या लढाऊ विमानात मागे बसलेला रडारचालक रुम्पेलहार्ट रडारच्या पडद्यावर डोळे लावून दिशा देत राहायचा. मग श्नाउफर हळूच बॉम्बरच्या पोटाखाली शिरायचा, कारण बहुतेक लँकेस्टरना (ब्रिटिश बॉम्बर विमानांना) खालच्या बाजूला तोफचीच नसायचा. २१ फेब्रुवारी १९४५ या एका दिवसात ९ पाडली.

दुसरा प्रतिसाद: एका लँकेस्टरमध्ये ७ जण, बहुतेक विशीतली पोरं. आकडे मोजताना तीही मोजा, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: खरंय. नंतर काय झालं त्याचं?

पहिला प्रतिसादक: १९५० मध्ये फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. वय २८.