आरक्षण पडलं की टीडीआर घ्या, म्हणे!

सातबारा_कोरा:
परवा इथे एकाने सल्ला दिला: शहराच्या विकास आराखड्यात जमिनीवर बाग-शाळेसारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं तर भांडत बसू नका, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या आणि मोकळे व्हा. वर त्याला टाळ्या! नगररचना अधिनियमातलं कलम 127 कुणी उघडून बघितलंय का? अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि पालिकेने जमीन घेतली नाही, तर मालकाने खरेदी नोटीस द्यायची, म्हणजे जमीन विकत घ्या नाहीतर मोकळी करा. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला. सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्याच, नाहीतर मालकीच्या मुद्द्यावर नोटीस उडवतात. पुढच्या 24 महिन्यांत संपादन झालं नाही, त्याची पावलंही पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मुख्य सभेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडलेला प्रस्ताव, यांना पाऊल म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या गिरनार ट्रेडर्स निकालापासून भूसंपादनाची घोषणाच लागते. मग हातची जमीन का सोडायची?

नकाशेवाला:
सल्ला माझाच. 10 अधिक 2, म्हणजे 12 वर्षं मालकाने आरक्षणाच्या पाटीची पूजा करायची का? आणि त्याच कलमातलं पुढचं वाक्य सोयीने गाळलंत. आरक्षण गेलं की जमीन लगतच्या जमिनीला जे अनुज्ञेय असेल त्यासाठी मोकळी होते. लगत शेती विभाग असेल तर 12 वर्षांनी पदरात शेती विभागच. टीडीआर विरळ वस्तीत क्षेत्राच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट मिळतो.

गल्ली_नं_6:
मिळतो, पण खपतो कुठे? राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर शून्य, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआयही शून्य (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते). मूळच्या 1.10 वर बसा गप्प. रस्ता 9 चा झाला की त्यावर 0.50 प्रीमियम, 0.40 टीडीआर, एकूण 2.00. पुण्यातल्या 6 मीटर रस्त्यांवरच्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास इथेच अडतो.

नकाशेवाला:
मग द्या की जागा. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे हद्द, ठरते. दोन्हीकडून दीड-दीड मीटर सोडलं की झाला 9.

गल्ली_नं_6:
तुम्ही सोडलं आणि समोरच्याने नाही सोडलं तर? कागदावर 9, जागेवर साडेसात. 15 मीटर दर्शनी बाजू असेल तर 22.5 चौरस मीटर गेले. त्याचा एफएसआय उरलेल्या जागेवर मिळतो, कबूल. पण पुढचं सामासिक अंतर (इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा) नव्या रेषेपासून मोजतात, इमारत मागे सरकते आणि लहान प्लॉटवर पार्किंगचा रॅम्प बसत नाही. एसीत बसून रेघा ओढणं सोपं असतं.

कट्टा_करंट:
रुंद झालेल्या रस्त्यावर शेवटी गाड्याच उभ्या राहणार. आधी पार्किंगचं बोला.

नकाशेवाला:
रेघा कोण ओढतं ते बघून बोला. जागा द्यायची नाही, बंब आत यायला हवा, एफएसआयही हवा. उद्या मोबाइल टॉवरचं भाडंही मागाल!

सातबारा_कोरा:
अहो, धागा आरक्षणाचा आहे, तुमच्या गल्लीचा नाही! दुप्पट-तिप्पटीचं बोला. टीडीआर वापरताना त्याला गुणतात: जिथून निघाला तिथला जमिनीचा रेडीरेकनर (सरकारी दर) भागिले जिथे वापरायचा तिथला, दोन्ही दर तो निघाला त्या वर्षाचे. 1000 चौरस मीटर दिले, 2000 चा टीडीआर आला. तुमच्याकडे दर 20,000, वापरणाऱ्याकडे 50,000. बांधायला मिळाले 800. बिल्डर भाव त्या 800 चाच करतो.

कलमबहाद्दर:
दोघेही वेळेबद्दल गप्प. 127 ची नोटीस दिली नाही आणि दरम्यान सुधारित आराखड्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर 10 वर्षं नव्याने सुरू. सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल दवे प्रकरणात हेच सांगितलंय. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 1987 चा आराखडा जाऊन 2017 मध्ये नवा मंजूर झाला. मधल्या काळात नोटीस न देता झोपलेल्यांनी आता 2027 पर्यंत खुशाल घोरावं.

नकाशेवाला:
बरं, महाराज! 10 वर्षं भरली असतील आणि लगत निवासी विभाग असेल, तर नोटीस द्या, अजिबात थांबू नका. पण रोख मोबदल्याची आशा धरू नका. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणून तर पालिका टीडीआरच पुढे करते. आणि टीडीआर घेणार असाल तर आधी भाडेकरू हलवा, जमीन समपातळीत आणा, दीड मीटर उंच कुंपणभिंत बांधा. प्रमाणपत्र त्यानंतर. हा खर्च बिल्डरशी भाव ठरवतानाच त्याच्या माथी मारा.

गल्ली_नं_6:
आणि तो बिल्डर 9 मीटरच्या रस्त्यावरचाच शोधा.