रंगाखाली अडकलेल्या बिजागऱ्या, कड्या, मुठी : तुमचे अनुभव सांगा

डिचोलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातलं फणसाच्या लाकडाचं फडताळ सासूबाईंच्या लग्नाआधीपासूनचं. चवथीआधी घर रंगवायचं, तेव्हा दारांबरोबर बिजागऱ्यांवरूनही ऑईलपेंटचा ब्रश फिरायचा. आता दारं मिटत नाहीत, म्हणून ती उतरवून जुना रंग काढायला घेतलाय. ६ दारं, १२ बिजागऱ्या, ७२ स्क्रू. पहिल्याच दिवशी ५ स्क्रूंच्या खाचा गेल्या आणि एका मुठीबरोबर लाकडाचा कपचा उचकटून आला. फार वाईट वाटलं. तुम्ही हे कसं केलंत? फसलेलंही लिहा.

फोंड्याहून
ताई, कपचा स्क्रूमुळे नाही गेला, रंगामुळे गेला. इतक्या वर्षांचे थर धातू आणि लाकूड मिळून एकच साल करतात. मूठ ओढली की ती साल लाकडासकट येते. म्हणून आधी धारदार कटरने बिजागरीच्या कडेकडेने रंग पूर्ण कापून घ्या, दोन-तीनदा हलक्या हाताने.

मग खाच. वडील सुतारकाम करायचे. ते एक झिजलेला स्क्रूड्रायव्हर फक्त खाच कोरायलाच ठेवत. तो खाचेत तिरका धरून हातोडीने हळू ठोकायचा, म्हणजे रंग निघून येतो. तळाचा धातू चमकला की मगच फिरवायचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, आणि तोही खाचेच्या पूर्ण लांबीला बसणारा. लहान घेतला की खाच गेलीच. फिरवताना आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. पकड त्या पहिल्या हालचालीतच सुटते. मी घाईत हे टाळलं तेव्हा प्रत्येक वेळी पस्तावलो. दारांवर खडूने आकडे घाला, नाहीतर परत बसवताना एकही जुळणार नाही.

काणकोणहून
आमचं घर समुद्राला लागून. इथे रंगापेक्षा गंज जास्त. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत लाकडाच्या आत फुगून बसतात. डब्ल्यूडी-४० हे गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, त्यात निम्मे सुटले. उरलेल्यांच्या डोक्यावरचा रंग खरवडला आणि तापलेला सोल्डरिंगचा कावीया मिनिटभर टेकवला. तापून फुगलेला स्क्रू निवताना आकसतो आणि गंजाची पकड मोडते. तरी दोन स्क्रूंची डोकी तुटलीच. तिथे भोवतीचं लाकूड थोडं कोरून पक्कडीने पिळून काढले.

म्हापशाहून
काढलेली बिजागरी खरवडत बसू नका. मी जुन्या पातेल्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर तासभर उकळल्या. रंग सुटा होऊन ब्रशने सालपटासारखा निघाला. खाली पिवळं पितळ! चुंबक लावून बघितला, चिकटला नाही, म्हणजे भरीव पितळच. लोखंडावर नुसतं पितळेचं पाणी चढवलेलं असेल तर चिकटतो. पण त्याच पातेल्यात एक ॲल्युमिनियमची मूठ टाकली, ती काळी पडून खड्ड्याखड्ड्यांची झाली. सोड्यात ॲल्युमिनियम कधीच घालू नका.

मडगावहून
इथे थांबून एक गोष्ट वाचाच. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपर्यंतच, हा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय आहे, ते नुसतं बघून कळत नाही. कोरडा पॉलिशपेपर घासू नका, हीटगनने रंग जाळू नका. पाणी मारून ओलं घासा. धूळ अडवणारा एन-९५ मास्क लावा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. सोड्याचं ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला नको, आणि ते पाणी पोरसात, माडाच्या आळ्यात ओतू नका. खरवड पिशवीत बांधून वेगळी ठेवा. माझ्या भाचीच्या रक्तात शिसं निघालं होतं, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

साखळीहून
सैल झालेल्या भोकांत फेविकॉल लावून बांबूच्या काड्या ठोका, दुसऱ्या दिवशी तासून त्याच जागी स्क्रू बसवा. जुनी बिजागरी जुन्याच खुणेवर बसते.

डिचोलीहून, पुन्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. मडगावच्या ताई, तुमचं वाचून काम बाहेर पडवीत नेलं आणि नातवाला आठवडाभर सुनेच्या माहेरी पाठवलं. कडा कापून, खाचा कोरून आजपर्यंत ६३ स्क्रू निघाले. एकही नवी खाच गेली नाही. ९ अजून अडलेत, त्यांत ते पहिले ५ आहेत. त्यांच्यावर आज रात्री तेल मारून ठेवतेय. चुंबक एकाही बिजागरीला चिकटला नाही. सासूबाईंना एक उकळून पुसून दाखवली. त्या म्हणाल्या, त्यांनी हे पितळ कधी पाहिलंच नव्हतं, त्या सून म्हणून आल्या तेव्हाच ते हिरव्या रंगाखाली गेलेलं होतं.